सुरमईचे दात आणि नायलॉन चढवलेली तार
रत्नागिरीजवळच्या मिऱ्याबाहेर होडीतून टाकलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) सुरमईने दोनदा कचकन कापून गळासकट नेला, तेव्हा ही सात पदरी, नायलॉनचं आवरण असलेली 40 पौंडांचा ताण सोसणारी तार घेतली. एकेरी तारेला गाठ धड बसत नाही, पीळच द्यावे लागतात. हिला मात्र गळाशी इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ झकास बसते. फक्त थुंकी लावायची, तारेचं शेपूट, म्हणजे मोकळं टोक, पकडीत धरायचं आणि हळूहळू ओढायचं. मी पहिल्यांदा घाईत हिसका दिला, तर तारेच्या शेवया झाल्या! तंगूसाशी जोडायला ऑलब्राइट गाठ, दहा वेढे.

तक्रार एकच: दोन मासे लागले की गाठीपाशी आवरण सोलतं. मग तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधतो. तरी पुढचं रीळ हेच घेणार.