गणिताचा सराव: रोजची वही की मंडईतला हिशेब?

सोलापुरात घरीच शिकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांना गणिताचा जादा सराव किती द्यावा?

रोज पानभर उदाहरणं सोडवली की बेरीज-वजाबाकीला वेग येतो. पण जमलेलंच पुन्हा पुन्हा लिहायला लावलं की मूल कंटाळतं.

लक्ष्मी मंडईत मात्र समजा टोमॅटो 40 रुपये किलो आहेत. अर्ध्या किलोचे किती, पन्नासच्या नोटेतून परत किती, हे मुलालाच सांगू द्या. निम्मं म्हणजे काय ते तिथं नीट कळतं. वेग तेवढा येत नाही.

माझ्या मते या वयात व्यवहार आधी, वही रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा हे जास्त टिकतं. हातच्याला अडलं तर पानं वाढवू नका, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दाखवा.