निळ्या दिव्याखालचे तीन दिवस: नवजात बाळाच्या कावीळीचा अनुभव, आठ महिन्यांनंतर

माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. गेल्या जुलैत, जन्मानंतर चौथ्या दिवशी, कावीळीसाठी तिला रत्नागिरीतील एका खाजगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तेथे आम्ही तीन दिवस राहिलो.

पावसजवळच्या माझ्या माहेरी बाळंतिणीची खोली माजघराला लागून आहे आणि पावसाळ्यात तेथे दिवसाही दिवा लावावा लागतो. त्या पिवळ्या उजेडात बाळाचा रंग आम्हा कोणालाच कळला नाही. दूध ओढता ओढता ती लगेच झोपी जाते, हे आईच्या लक्षात आले. तिने बाळाला पडवीत उजेडात आणले, कपाळावर हलकेच बोट दाबून उचलले आणि त्या जागी स्वच्छ पिवळा रंग दिसताच आम्ही निघालो. शेजारच्या काकूंनी कावीळीची माळ घालण्याचा आणि कोवळे ऊन दाखवण्याचा सल्ला आपुलकीनेच दिला होता, परंतु अशा बाळासाठी हे दोन्ही उपाय पुरेसे नाहीत, हे मी येथे स्पष्टपणे लिहिते. मुलगी गर्भाचे 37 आठवडे भरल्यावर जन्मलेली, जन्माचे 2.7 किलो वजन 2.45 वर आलेले आणि रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत त्वचा पिवळी करणारे द्रव्य, 18.4 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होते.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. निळ्या प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलते व ते पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडू शकते; मात्र त्यासाठी पोटात दूध जाऊन शी-शू होत राहिली पाहिजे. म्हणजे दिव्याइतकेच काम दुधाचे असते. दुर्दैवाने पहिल्या रात्री नेमके तेच झाले नाही. बाळ नवजात कक्षात, मी वरच्या मजल्यावर, आणि दर दोन-तीन तासांनी बोलावण्याचे ठरलेले असूनही मध्ये एकदा साडेचार तासांचे अंतर पडले. सकाळी बिलिरुबिन 17.1 होते. मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी दिव्याचे यंत्र माझ्या खाटेशेजारी हलवून दिले. त्यानंतर मी घड्याळ लावून पाजत होते. ती ओढायची थांबली की दूध काढून वाटी-चमच्याने देत होते. दुसऱ्या दिवशी आकडा 13.2 आणि तिसऱ्या दिवशी 11.8 झाला. हे सारे श्रेय दुधालाच आहे असे मी म्हणणार नाही, परंतु दाखल होतानाच बाळाला आईजवळ ठेवण्याविषयी विचारावे, असे मला मनापासून वाटते.

यंत्राबद्दल तक्रार नाही. वादळी पावसात दोनदा वीज गेली, तरी इन्व्हर्टरमुळे दिवा बंद पडला नाही. अडचण होती ती डोळ्यांवरच्या पट्टीची. बाळ मान वळवी, पट्टी नाकावर घसरे आणि इवल्याशा नाकपुड्या झाकल्या जात. त्यामुळे माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. निळ्या उजेडात बाळाचा खरा रंग दिसतच नाही, म्हणून परिचारिका आधी दिवा बंद करून मगच तिला पाहत असत. हिरवट, पातळ शी पाहून मी घाबरले होते. या उपचारात ती अपेक्षित असते, हे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते.

दिवा बंद केल्यानंतर बिलिरुबिन पुन्हा चढू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन फेरतपासणी झाली. आकडा 12.3 होता आणि आम्हाला घरी सोडले. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला किंवा शी चुन्यासारखी पांढरट झाली, तर वाट न पाहता यावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. पंधराव्या दिवशी डोळ्यांत किंचित झाक होती, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून पित्तात जाणारा त्याचा भाग; तो वाढला तर यकृताच्या किंवा पित्तमार्गाच्या आजाराची शंका येते) सामान्य निघाले आणि पुढच्या आठवड्यात ती झाकही गेली.