पाशवी, रानटी, हिंस्र की चवताळलेला: कुठला शब्द घ्यायचा?

माणूस जनावरासारखा वागला असं लिहायची वेळ आली की मराठीत ऑप्शन कमी पडत नाहीत, उलट जास्तच आहेत आणि तीच गोची आहे. शब्दकोश उघडला तर पाशवी बघा म्हणजे क्रूर, क्रूर बघा म्हणजे हिंस्र, हिंस्र बघा म्हणजे परत क्रूर, सरकारी खिडक्यांसारखं, प्रत्येक जण पलीकडच्या खिडकीवर पाठवतो. मी थोड्याफार कथा लिहितो आणि पोटापाण्यासाठी सबटायटल्स करतो, त्यामुळे हा चॉइस सारखा समोर येतो. खाली आहे ते माझं मत, व्याकरणाचा निकाल नाही, पटलं तर घ्या.

पाशवी हा शब्द बहुतेकांना आधी सुचतो कारण तो वजनदार वाटतो. पण नीट बघा, तो एकटा कुठे फिरतच नाही. पाशवी बहुमत, पाशवी बळ, पाशवी अत्याचार, पाशवी वृत्ती, जोडीदार ठरलेले. त्यातलं बहुमत तर कमाल आहे, सभागृहात शांतपणे बसून हात वर करणाऱ्या लोकांच्या नुसत्या संख्येला आपण पाशवी म्हणतो, ना नखं ना दात. एवढं वापरल्यावर त्या शब्दात जनावर शिल्लक राहत नाही, फक्त निषेध राहतो. आणि तसंही रोजच्या मराठीत पशू कुठे भेटतो, तर पशुपालन, पशुखाद्य, पशुवैद्य, म्हणजे गाई-म्हशी आणि शेळ्या, ज्या बिचाऱ्या कुणाच्या नरड्याचा घोट घ्यायला जात नाहीत. रानातल्या शिकारी जनावरासाठी श्वापद हा चांगला शब्द होता पण त्याचं विशेषण काही रुळलं नाही. तरी पाशवी टाकाऊ नाही. अग्रलेख, पत्रक, निषेधाचं भाषण, जिथे चित्र नको आहे आणि ठपकाच ठेवायचाय तिथे तो बरोबर बसतो. अमानुषचंही तेच, उलट त्यात तर जनावर मुळातच नाही, माणूस नाही एवढंच सांगितलंय.

रानटी मला ऐकायला आवडतो. गंमत म्हणजे रान या शब्दाशी मराठी माणसाचं वाकडं अजिबात नाही, रानमेवा, रानभाजी, रानफूल सगळं लाडाचं, रानवट म्हणलं तर जवळजवळ कौतुकच, आणि टी लागला की थेट शिवी. एखादा सुटाबुटातला, इंग्रजी झाडणारा माणूस लिफ्टमध्ये लोकांना कोपराने ढकलून घुसला तर त्याला रानटी म्हणायला मजा येते कारण शब्द आणि कपडे यांचं जमत नाही. पण हाच शब्द जंगलात राहणाऱ्या किंवा भटक्या समाजातल्या कॅरेक्टरला लावायची वेळ आली की माझा हात थांबतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, १८७७ मध्ये मॉर्गन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सगळ्या मानवजातीला रानटीपणाकडून सुधारणेकडे जाणाऱ्या शिडीवर बसवलं, आणि त्या काळातली ती नजर अजून पूर्ण गेलेली नाही. कायदा १९५२ ला रद्द झाला, नजरेला तारीख नसते. म्हणजे रानटी लिहिताना आपण वागण्याबद्दल बोलतोय की माणूस कुठून आलाय त्याबद्दल, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर सोडून द्यावा.

जंगलीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मला तो हिंदीच्या जास्त जवळचा वाटतो आणि मराठीत त्याची धारही बोथट आहे, 'काय जंगल्यासारखा खातोस' हे आपण लाडक्या भाच्याला म्हणतो. (संस्कृतातला जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख, आयुर्वेदात अजून त्याच अर्थाने येतो. घनदाट झाडी नंतर आली.)

आता हिंस्र. कागदावर हा सगळ्यात सरस. हिंस्र नजर, हिंस्र हसू, तिथे दुसरं काही चालत नाही. लोक त्याला हिंस्त्र लिहितात हा त्रास आहेच, त्यात त नाही, स ला र जोडलाय, सहस्र आणि स्रोतमध्ये आहे तसाच, पण स वरून र वर जाताना जीभ मध्ये त चा टेकू घेते आणि मग हातही घेतो. तेवढ्यासाठी मी शब्द सोडणार नाही. खरी अडचण वेगळी आहे, हिंस्र हा स्वभाव सांगतो. पोट भरून झाडाखाली घोरत पडलेला वाघसुद्धा हिंस्र प्राणीच असतो. मला मात्र माणूस आत्ता, या क्षणी काय करतोय ते सांगायचं असतं.

आणि इथे ती गोष्ट येते जिने माझ्यापुरता निकाल लावला, ती म्हणजे पणे. वागणं लिहायचं म्हणजे विशेषणावर भागत नाही, क्रियेला काहीतरी जोडावं लागतं, आणि या सगळ्या शब्दांना जोडायला एकच शेपूट आहे. तो पाशवीपणे त्याच्यावर धावून गेला. तो हिंस्रपणे धावून गेला. रानटीपणे धावून गेला. मोठ्याने वाचून बघा, मराठी माणूस असं बोलतो का? ओळीवर लगेच ट्रान्सलेशनचा वास येतो, आणि सबटायटलमध्ये तर ते पणे दीड सेकंदातली जागा खाऊन बसतं. मी पाशवी वृत्तीने, रानटीपणाने, हिंस्र होऊन असे सगळे वळसे घेऊन बघितले, वाक्य लांबतं आणि मार लागतच नाही.

मग 'तो चवताळून धावून गेला' वाचा. संपलं. पणे नाही, जनावर आहे, आणि आधी काहीतरी झालंय हेही कळलं, कारण उगाच कोणी चवताळत नाही, कोणीतरी डिवचलेलं असतं, जखमी केलेलं असतं, पिल्लांजवळ गेलेलं असतं. माझा कौल साधारण इकडे आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल.

शिवाय याची भावंडंही आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. बिथरला म्हणजे भीती किंवा गोंधळ, बुजला म्हणजे नुसती भीती आणि ती घोड्या-बैलाची, उधळला म्हणजे आता लगाम कोणाच्याच हातात नाही, पिसाळला म्हणजे रोग डोक्यात गेलाय, समोर कोण आहे याचा संबंध संपला, रेबीजमध्ये विषाणू मेंदूपर्यंत पोचतो तेव्हा होतं तेच. माजला म्हणजे तर उलट, कोणी छेडलंच नाही, अति झालंय. म्हैस माजावर येते तो माज वेगळा आणि साहेबाला येतो तो वेगळा, पण शब्दाने दोन्ही सांभाळलेत. हत्तीचा मदही त्याच जातीचा, नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून स्राव वाहायला लागतो आणि काही काळ तो कोणाचंच ऐकत नाही, त्यावरूनच आपला मदमस्त. म्हणजे पाशवी आणि हिंस्र लिहिताना मला फक्त किती वाईट एवढंच सांगता येतं, इकडे का ते पण सांगता येतं, तेही एका शब्दात.

पण थांबा, चवताळलेला सगळीकडे चालत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. त्यात चवताळणाऱ्याच्या बाजूची थोडी सहानुभूती असते. नवऱ्याने बायकोला मारहाण केली अशी बातमी लिहिताना 'चवताळलेल्या पतीने' लिहिलं की तिनेच काहीतरी केलं असणार हा वास आपोआप येतो, तिथे हा शब्द नकोच, तिथे सरळ मारहाण केली म्हणावं आणि काठीने की पट्ट्याने ते सांगावं. थंड डोक्याने, चहा पीत पीत छळ करणाऱ्या माणसालाही हा शब्द बसत नाही, त्याला क्रूर पुरे, जनावर मध्ये आणायची गरज नाही, जनावरं चहा पीत छळत नाहीत.

आणि एका कथेत एकदाच वापरा. दुसऱ्यांदा चवताळला की वाचणारा हसतो. दुसऱ्या वेळेला मी विशेषणाच्या भानगडीतच पडत नाही, गुरगुरला, फिसकारला, अंगावर आला, यातलं एक क्रियापद उचलतो आणि पुढच्या ओळीवर जातो.