३६६ पानांचा दिनविशेष: साडेचारशे रुपयांत काय मिळते, काय राहून जाते

परिपाठात ज्याच्यावर दिनविशेषाची पाळी, तो पोरगा सकाळी कुणाची तरी मागच्या वर्षीची वही शोधत असतो. दोन ओळी उतरवायच्या, "आजच्या दिवशी" म्हणत भरधाव वाचायच्या, की सुटला. ही धावपळ वाचवायला टेबलावर उभा राहणारा दिनविशेषाचा संच जळगाव-धुळ्याकडच्या शालेय साहित्याच्या दुकानांत साडेचारशे रुपयांना मिळतो. वार छापलेले नाहीत, त्यामुळे दरवर्षी तोच चालतो. तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी चांगली वस्तू आहे, पण नुसती आणून ठेवली तर निम्मीच कामाची.

आधी बांधणी. पाने १८३, दोन्ही बाजूंना छापलेली, म्हणजे ३६६ तारखा. पुढून १ जानेवारी ते १ जुलै. १ जुलैचे पान वरून मागे टाकले की अख्खा स्टँड फिरवायचा. समोर २ जुलै येते आणि तीच पाने उलट्या क्रमाने परत येतात. म्हणून १ जानेवारीच्या पाठीवर ३१ डिसेंबर आहे. हे डब्यावर कुठेही लिहिलेले नाही. जुलैपासूनचे दिवस छापलेच नाहीत, अशी तक्रार होते ती यामुळेच. दुसरी चूक याहून महाग: साध्या वर्षात नको म्हणून २९ फेब्रुवारीचे पान काढून टाकले, तर त्याच्या पाठीवरचा २ नोव्हेंबरही जातो. पान फाडू नका, त्या वर्षापुरते यू-पिनेने पुढच्या पानाला जोडा आणि नोव्हेंबर यायच्या आत पिन काढा.

कागद १७० जीएसएमचा, गुळगुळीत. वरून तारेची गुंडाळी. १८३ पानांचे ओझे या तारेला जेमतेम पेलते. तारेची दोन टोके जिथे मिळतात तिथे फट पडते आणि पाने एकेक करून निसटतात. पक्कडीने फट हळूच दाबली की भागते. खिडकीजवळ मात्र ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पुठ्ठ्याचा स्टँड धनुष्यासारखा वाकतो आणि मग उभा राहत नाही. अक्षर बारीक आहे, पहिल्या बाकाच्या मागे काही दिसत नाही. शाळेत फळ्यावर उतरवून घ्यावेच लागते.

मजकूर प्रत्येक तारखेला पाच-सात ओळींचा. नमुना म्हणून ३ डिसेंबर बघा. राजेंद्र प्रसाद यांचा जन्म १८८४, खुदीराम बोस यांचा जन्म १८८९, बहिणाबाई चौधरी यांचे निधन १९५१, पहिले मानवी हृदयरोपण १९६७, भारत-पाक युद्धाला सुरुवात १९७१, भोपाळ वायुदुर्घटना १९८४, पहिला एसएमएस १९९२. निवड उत्तम. पण चौथीचे मूल हे सगळे एका दमात वाचते आणि विचारते, "भोपाळची बातमी एसएमएसने कळली का?" तारीख एक, वर्षे वेगळी, हे मुलांना सांगून कळत नाही, दाखवावे लागते, आणि संचात त्याची काहीच सोय नाही.

सोय घरची करता येते. दीड मीटर पांढरी नाडी घ्या (लोकर घेऊ नका, ती ताणली की वर्षे सरकतात). एका वर्षाला एक सेंटिमीटर. १८८४ शून्यावर, १८८९ पाचवर, मग ६७, ८३, ८७, १०० आणि १०८ वर. कपड्याच्या चिमट्याने चिठ्ठ्या लावा. १९६७ आणि १९७१ मध्ये चारच सेंटिमीटर आहेत, चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात. एक नाडीच्या वर, एक खाली लावली की जमते. मुले सवयीने सगळ्या चिठ्ठ्या सारख्या अंतरावर लावतात, तेव्हा हात धरून मोजपट्टीवर आणा. शेवटी आजीचे जन्मसाल आणि मुलाचे स्वतःचे साल लावायचे. खुदीराम आणि बहिणाबाई यांच्यामधली मोकळी नाडी बघून मुलाचा जो चेहरा होतो, त्यासाठी एवढा खटाटोप.

आता चुका. पहिला एसएमएस "मोबाईलवरून पाठवला" असे छापले आहे. तो संगणकावरून पाठवला होता, मोबाईलवर आला. हृदयरोपणापुढे नुसते "यशस्वी" लिहिले आहे. केपटाऊनमधला तो रुग्ण १८ दिवस जगला. नवे हृदय चालत होते, पण शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावली आणि न्यूमोनियाने तो गेला. मुलांना हे सांगितले तर चालते, उलट प्रश्न सुरू होतात. ९ सप्टेंबरच्या पानावर "बग हा शब्द जन्मला, १९४५" असे आहे. हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात पतंग हा किडा (इंग्रजीत बग) सापडला तो १९४७ साली, आणि बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही दिसते.

त्याच पानावर खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. टॉलस्टॉय आहे, डेनिस रिची आहे, कॅप्टन विक्रम बात्रांचा जन्म आहे, आणि नंदुरबार नाही! ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा गेले. शिरीषकुमार १५ वर्षांचा होता. चले जाव सुरू झाले ९ ऑगस्टला, त्याला बरोबर महिना झाला होता. मुले या दोन नऊ तारखांची गल्लत हटकून करतात. बहिणाबाईंचीही एका ओळीत बोळवण केली आहे. आसोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते, ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपल्या आणि पुस्तक आले १९५२ साली, त्या गेल्यावर, एवढे तरी हवे होते. फैजपूरची काँग्रेस (डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन) आणि नंदुरबार जिल्ह्याची स्थापना (१ जुलै १९९८, पहिल्या बाजूचे अगदी शेवटचे पान) यांचाही पत्ता नाही. चिठ्ठ्या स्वतःच चिकटवा. या कागदावर जेल पेन पसरते, पातळ डिंकाने पान सुरकुतते. ग्लू स्टिक बरी.

आखाजी, कानबाई, पोळा शोधायला गेलात तर मिळणार नाहीत, आणि ही चूक नव्हे. ते सण तिथीने येतात, इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. टॉलस्टॉयचा जन्म कुठे २८ ऑगस्ट तर कुठे ९ सप्टेंबर दिसतो, तो रशियाच्या जुन्या पंचांगामुळे. चांद्रयानाचे तर आणखीच मजेशीर: अपोलो ११ उतरले तेव्हा ग्रिनिचला २० जुलै १९६९ ची रात्र होती, ८ वाजून १७ मिनिटे, आपल्याकडे २१ तारखेची पहाट, १ वाजून ४७. संचात २० जुलै आहे. दोन्ही बरोबर.

सर्वांत सुंदर पान २९ फेब्रुवारीचे, आणि तेच चार वर्षांतून एकदा समोर येते. मोरारजी देसाई १८९६ चे. १९०० ला शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हते. मोरारजींची तारीख पहिल्यांदा आली थेट आठव्या वर्षी, १९०४ ला. आणि नेमक्या त्याच दिवशी रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. संचात दोन्ही नावे आहेत, ही गंमत मात्र सांगितलेली नाही.

शाळेसाठी घ्या. घरी एकाच मुलासाठी साडेचारशे जास्त वाटतात, दोन-तीन घरांत मिळून घेतला तर परवडतो. दुकानात प्लॅस्टिक काढायला लावा, तारेची फट बघा, १ जुलैनंतर स्टँड फिरवून २ जुलै सरळ छापली आहे का ते तपासा. काही प्रतींत ती डोक्यावर उभी आहे, तो संच बदलून घ्या.