नवी पेठेतली रात्रभराची अभ्यासिका: ॲडमिशनच्या निकालाची वाट बघायला कशी आहे?

अभ्यासिकांचे रिव्ह्यू लोक अभ्यासासाठी लिहितात. मी दुसऱ्याच कामासाठी लिहितेय, नुसती वाट बघत बसायला ही जागा कशी आहे त्याबद्दल. 1 डिसेंबर, 15 डिसेंबर अशा डेडलाइन एकदा गेल्या की अमेरिकेत पीएचडीला अर्ज केलेल्या माणसाच्या हातात काही म्हणजे काही उरत नाही. एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) गेलेलं असतं, सरांची शिफारशीची लेटर्स गेलेली असतात, पैसे तर केव्हाच गेलेले असतात, आणि जानेवारी ते एप्रिल जीव टांगणीला लावून बसायचं. घरी बसलं की आई दर जेवणाला विचारते, काही कळलं का गं, आणि बाबा अजिबात विचारत नाहीत, त्याचा ताण जास्त. म्हणून 2025 च्या जानेवारीत मी नवी पेठेत, गांजवे चौकाच्या मागच्या एका अभ्यासिकेत टेबल घेतलं. कॉलेजातले दोघं आणि त्यांच्या ओळखीचे अजून काही अर्जवाले तिथे बसतात हे कळलं होतं, खरं कारण ते.

नाव लिहीत नाहीये. एक तर अभ्यासिका चालवणाऱ्या काकांनीच सांगितलं, "नाव नको टाकूस गं, आधीच वेटिंग आहे" (हो, इथेही वेटिंग लिस्ट, आमचं नशीबच), आणि दुसरं म्हणजे खाली थोड्या तक्रारी पण आहेत.

आधी वेळेचं सांगते, कारण रात्रभर उघडी असणं हीच या जागेची सगळ्यात मोठी सोय आहे आणि ती का लागते हे अर्ज न केलेल्यांना कळत नाही. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिकडे सकाळी 9 ला ऑफिस उघडलं की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. कॅलिफोर्नियातलं ऑफिस त्यांच्या 5 ला बंद होतं तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेसहा. म्हणजे मेल यायचा तर तो बरोबर आपल्या झोपेच्या वेळेत येणार. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग आपल्याकडे सगळं एक तास लवकर सुरू होतं, आमच्यातल्या एकाने तर त्या आठवड्यात जेवणाची वेळ बदलली, मेसच्या काकू वैतागल्या. काही अभ्यासिका 11 ला लाइट घालवतात. इथे पहाटे 4 लाही निम्मी टेबलं भरलेली असतात.

पैसे: साधं टेबल महिन्याला 1200, एसी हॉल 1600, डिपॉझिट 500, लॉकरचे वेगळे 100. आसपासच्या मानाने ठीक. टेबलाला तिन्ही बाजूंनी प्लायचं पार्टिशन, एक प्लग पॉइंट, एक ट्यूब. खुर्ची म्हणाल तर स्वतःची उशी आणा. मुलींचा हॉल वरच्या मजल्यावर वेगळा आहे, कॅमेरा आहे, आणि रात्री 11 नंतर खाली जायचं तर रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करावी लागते. मुलांना सही नाही. याबद्दल मी काकांशी दोनदा भांडले, ते म्हणाले, "तुमच्या घरचे मला फोन करतात, त्यांच्या घरचे करत नाहीत." यावर काय बोलणार.

आता माणसं. या हॉलमध्ये नव्वद टक्के जनता एमपीएससी आणि कंबाइनवाली आणि उरलेले आम्ही. आमच्यातही प्रकार. पीएचडीवाले, स्वतःच्या नाहीतर बँकेच्या पैशाने एमएसला जाणारे, आणि गेट (एमटेकसाठीची प्रवेश परीक्षा) दिलेली एक मुलगी. तिचा निकाल 19 मार्चला लागला, पण तिचं वाट बघणं तिथून सुरू झालं, कारण आयआयटीच्या एमटेकच्या ऑफर सीओएपी नावाच्या सामाईक पोर्टलवरून राउंड राउंडने येतात आणि दर राउंडला तीन पर्याय: ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. हे तिने समजावल्यापासून आमच्यात तीच भाषा झाली. वडापाव मिळाला पण समोर मिसळचं दुकान उघडायचंय, तर रिटेन अँड वेट. खोलीमालकाने भाडं वाढवलं, रिजेक्ट अँड वेट. एकीच्या घरून स्थळ आलं होतं, त्याचं काय केलं ते इथे लिहीत नाही.

जिना ही इथली सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि ती भाड्यात धरलेली नाही. हॉलमध्ये बोलायला बंदी आहे, भिंतीवर पाटीच आहे, "कुजबुज म्हणजेही बोलणेच". त्यामुळे निकाल उघडायचा तो पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिथे पाण्याचा कूलर आणि चपलांचा रॅक आहे. मेलमध्ये निकाल नसतोच, नुसतं लिहिलेलं असतं की तुमच्या अर्जाच्या स्टेटसमध्ये बदल झालाय, लॉगिन करून बघा, आणि नेमका तेव्हाच पासवर्ड आठवत नाही. ॲडमिट असेल तर काही पोर्टलवर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. रिजेक्टवाल्या पत्रात पहिल्याच ओळीत कळतं, थँक यू फॉर युअर इंटरेस्टने सुरुवात झाली की पुढचं वाचायला नको. आमचा न ठरवता ठरलेला नियम असा की जो उठून जिन्याकडे जातो त्याच्या मागे लगेच कुणी जायचं नाही, थोडं थांबून एकाने पाणी भरायच्या निमित्ताने बाटली घेऊन जायचं, आणि समोरच्याने स्वतः सांगितलं तरच विचारायचं. बाटली रिकामी नसेल तर ओतून द्यायची.

आमच्याच मजल्याच्या खालच्या हॉलमध्ये एक लातूरकडचे दादा बसायचे, राज्यसेवेची तयारी, कितवी ते विचारायचं नाही. ते रोज भेटले की, "लागला का तुमचा निकाल?" मी एकदा चिडून म्हटलं, दादा अजून महिनाभर तरी नाही लागणार. तर म्हणाले, "मग बरंय की ओ, तुमाला महिना तरी माहितीये." त्यांच्या पूर्व परीक्षेचं काय झालं होतं आठवतंय ना, 25 ऑगस्ट 2024 ची परीक्षा आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या, परीक्षेच्या दिवशीच आली, शास्त्री रोडवर पोरं रात्रंदिवस बसली, मग आयोगाने ती पुढे ढकलली. वाट बघण्याच्या बाबतीत आम्ही त्यांच्यापुढे पहिलीतली पोरं. आणि म्हणूनच सांगते, नुसत्या अर्जवाल्यांच्या टोळक्यात बसण्यापेक्षा ही सरमिसळ बरी. आमचं आमचं बोलणं सुरू झालं की तासाभरात कुणाला किती इंटरव्यू आले, कुणाच्या प्रोफेसरने रिप्लाय दिला, यावरच येतं आणि पोटात गोळा येतो. दादांना यातलं काहीच कळत नव्हतं, ते चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद घालायचे, त्याने डोकं जागेवर यायचं.

सर्व्हिससाठी काकांना पूर्ण मार्क एका गोष्टीचे. बायोलॉजीच्या पीएचडीला जानेवारी-फेब्रुवारीत झूमवर इंटरव्यू असतात आणि ते आपल्याकडे रात्री होतात. माझा एक रात्री 11 ला होता, घरी पाहुणे, हॉलमध्ये बोलायला बंदी. काकांनी स्वतःची केबिन उघडून दिली, मागे पतसंस्थेचं कॅलेंडर आणि गणपती दिसत होता म्हणून खुर्ची फिरवायला लावली, आणि पंखा कुरकुरतो म्हणून बंद केला. मी घामाघूम होऊन माझ्या बॅक्टेरियांबद्दल बोलत होते आणि काका दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते, कुणी आलं की हातानेच गप्प करायचे. जादा पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "काय म्हणाले गोरे?"

फेब्रुवारी 2025 मात्र वाईट गेला आणि यात अभ्यासिकेचा काही दोष नाही. 7 फेब्रुवारीला अमेरिकेच्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी तिकडची सरकारी संस्था) जाहीर केलं की संशोधनाच्या ग्रँटवर विद्यापीठांना मिळणारा वरखर्च 15 टक्क्यांवर आणणार. कोर्टाने ते लगेच अडवलं, पण विद्यापीठं घाबरली ती घाबरलीच. पिट्सबर्ग विद्यापीठाने काही दिवस पीएचडीचे नवे प्रवेशच थांबवले, आणि मार्चमध्ये युमास चॅन मेडिकल स्कूलने बायोमेडिकल पीएचडीच्या दिलेल्या ऑफरसुद्धा मागे घेतल्या. दिलेल्या! तोपर्यंत आम्ही रिजेक्टला घाबरत होतो, आता ॲडमिटलाही घाबरायला लागलो. आमच्यातल्या एकीला एका ठिकाणाहून तोंडी होकार आला होता, घरी पेढे वाटून झाले होते, मग मेल आला की यंदा आमचा वर्गच निम्मा झालाय. हातातोंडाशी आलेला घास. ती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. झोपायला बंदी आहे इथे, काका उठवतात, तिला नाही उठवलं.

आणि आता ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते लिहिते. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी आणि मी एकाच प्रोग्रामला अर्ज केला होता. तिला आधी कॉल आला. मी अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि मग टेबलाशी येऊन तिच्या नावाने नाही पण तिच्या सीजीपीएच्या नावाने खडे फोडत बसले. पार्टिशन प्लायचं आहे, पलीकडची पानं उलटल्याचाही आवाज येतो, तेव्हा दोघींनाही सगळं कळत होतं. पुढे मी वेटलिस्टवर आणि ती ॲडमिट. इथे ते 15 एप्रिलचं प्रकरण येतं. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिकडच्या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांना फंडिंगसकट दिलेल्या ऑफरचं उत्तर 15 एप्रिलच्या आधी द्यायची सक्ती करता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी चांगलंच आहे, पण त्यामुळे ज्यांच्याकडे तीन-तीन ऑफर आहेत ते शेवटपर्यंत दाबून बसतात आणि वेटलिस्ट हलते ती शेवटच्या चार-पाच दिवसांत. (स्वतःच्या पैशाने जाणाऱ्या एमएसवाल्यांना हे लागू नाही बरं का, त्यांच्याकडे डिपॉझिट आधीच मागतात, तारीख नीट वाचा.) तिच्याकडे दुसरी, जास्त आवडीची ऑफर होती. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. तिनेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जिन्यात गाठून सांगितलं, "मी आज नाही म्हणून कळवलंय, उगाच 15 पर्यंत कशाला ताणू." त्या जागेवर मलाच घेतलं असं काही म्हणता येत नाही, वेटलिस्ट कशी हलते ते तिकडचे कुणी सांगत नाहीत. पण ज्यांच्या हातात दोन ऑफर आहेत त्यांनी नको असलेली लवकर सोडावी, एवढं तरी करा, पलीकडे कुणीतरी पोर्टल रिफ्रेश करत बसलेलं असतं.

माझं काय झालं ते विचारणार म्हणून सांगते, झालं, 14 तारखेच्या रात्री मेल आला, फंडिंगसकट.

तक्रारी. वायफाय रात्री साडेसात ते 9 मध्ये मरतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, स्वतःचा डेटा ठेवा. एसी हॉलमध्ये रिमोट कुणाकडे यावरून रोज भांडण, साधा हॉल घ्या, मार्चपर्यंत पुण्यात रात्री तसंही गार असतं, एप्रिलचं एप्रिलला बघा. वॉशरूम दुपारी एकदा धुतात, रात्री 2 ला जायची हिंमत लागते. चहा बाहेरूनच, पण मागे रात्री दीडपर्यंत थर्मासवाला सायकलवर येतो, 10 रुपये, आल्याचा, चांगला. त्याच्याकडची क्रीमरोल घेऊ नका.

कुणी यावं: घरात प्रश्न विचारणारी माणसं असलेल्यांनी, रात्री जागणाऱ्यांनी, आणि दुसऱ्याचा ॲडमिट बघून दोन मिनिटं जळून मग चहा पाजता येतो अशांनी. ज्यांना दुसऱ्याचा निकाल ऐकला की रात्रभर झोप लागत नाही त्यांनी घरीच थांबा, खरंच, इथे दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं काहीतरी लागतं आणि जिन्यातून आवाज येतोच.

रेटिंग पाचपैकी चार. एक तारा वॉशरूम आणि मुलींच्या सहीच्या रजिस्टरचा कापलाय, तो काकांनी वाचावा म्हणूनच कापलाय. आणि डिपॉझिटची पावती फोटो काढून ठेवा, ती नसली की काका 500 परत देत नाहीत, माझ्यासमोर एकाला नाही दिले. जायच्या आधी आठ दिवस सांगावं लागतं, त्यामुळे व्हिसाची तारीख मिळाली की पहिलं काम ते करा. माझं टेबल खिडकीजवळचं होतं, डावीकडून तिसरं, आता रिकामं असेल तर मागून बघा.