एका ‘प्रिंट रेडी’ फाइलचे ४४,३८० रुपये

चव्वेचाळीस हजार तीनशे ऐंशी. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी “पण काका, गेले किती?” असं विचारायला नको. पारावर, लग्नात, वाचनालयाच्या पायरीवर सगळ्यांचं विचारून झालंय. त्यातून मी बँकेतला. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात गेली. बायको एवढंच म्हणाली, “लोकांचे चेक तुम्ही उजेडात धरून बघायचात ना?” त्यावर मी काय बोलणार?

आमचं वाचनालय कृष्णाकाठच्या एका लहान गावातलं. शंभरी भरली म्हणून स्मरणिका काढायची ठरली, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. आठ महिने वर्डमध्ये टाइप करत बसलो. ४१ लेख, ८४ फोटो, जुनी इतिवृत्तं, देणगीदारांची यादी. ए-फोरची १४८ पानं झाली. प्रकाशन गुढीपाडव्याला.

तालुक्याचा प्रेसवाला फाइल बघून म्हणाला, “काका, वर्डवरून थेट नाही होणार. सगळं परत लावायला लागेल. वीस-बावीस दिवस धरा.” मला राग आला. आठ महिने मी काय गवत उपटत होतो? त्याच रात्री वाचनालयवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली: वर्ड फाइल द्या, प्रिंट रेडी (थेट छापता येईल अशी) पीडीएफ घ्या, छपाईसह, दहा दिवसांत. माझा राग त्या जाहिरातवाल्याच्या पथ्यावर पडला.

पण मीही अगदीच भोळा नव्हतो हो. चार गोष्टी वाचल्या होत्या. त्याला मुद्दाम विचारलं, ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाबाहेर वाढवायची कड, किती ठेवणार? “तीन मिलिमीटर चारी बाजूंनी, सर.” फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाइलच्या आतच बांधून, देणार का? “शंभर टक्के.” फोटो किती डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके? “तीनशे, सर.” सगळी उत्तरं बरोबर! इतकं बिनचूक बोलणारा माणूस लबाड असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? आता कळतं, हे शब्द पाठ करायला अर्धा तास पुरतो.

पैसे असे गेले. फाइल चेकिंग १,५०० रुपये. फॉन्ट कन्व्हर्शन, म्हणजे मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये घालणं, पानाला ३५ प्रमाणे १४८ पानांचे ५,१८०. फोटो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, करायला फोटोमागे ५०, म्हणजे ८४ फोटोंचे ४,२००. आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबराची, ‘शासकीय फी’ ५,५००. शेवटी प्लेटा आणि कागदाचा ॲडव्हान्स २८,०००. प्रत्येक वेळी यूपीआयवर नाव एका बाईंचं यायचं. “अकाउंट्सच्या मॅडम आहेत सर, जीएसटी बिल शेवटी एकत्र देतो.” बँकेत असताना असं व्हाउचर कुणी आणलं असतं तर मी तोंडावर फेकलं असतं. फर्मचं काम आणि पैसे व्यक्तीच्या खात्यात? तिथंच फोन ठेवा. मी ठेवला नाही.

आयएसबीएनचं तर कुणाला सांगायची सोय नाही. आपल्याकडे तो नंबर फुकट मिळतो. दिल्लीत राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय आयएसबीएन संस्था आहे, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. ऑनलाइन अर्ज करायचा, कागद जोडायचे, वाट बघायची. फी शून्य. शंभर वर्षांच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक नसावं! बरं, पैसे घेऊन त्यानं नंबर तरी खरा द्यावा? भाच्यानं कागदावर हिशेब करून दाखवला. तेरा अंक, पहिल्याला एकनं गुणायचं, दुसऱ्याला तीननं, पुन्हा एक, पुन्हा तीन, आणि सगळ्याची बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. आमची येत नव्हती. शेवटचा अंक ४ हवा होता, त्यानं ७ ठोकला होता.

आता ती रात्र. तिच्याविषयी लिहायचं नव्हतं, पण तेवढ्यासाठीच बसलोय.

फाइल मेल केली रात्री ९ वाजून १० मिनिटांनी. “डिझायनरची टीम बसवलीय सर, इनडिझाइनमध्ये पान न पान नव्याने लावतोय,” असं चार दिवस ऐकल्यावर पीडीएफ आली. इनडिझाइन म्हणजे पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर. आनंदानं कॉम्प्युटरवर उघडली. सवयीनं फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. ऑथर या रकान्यात माझं नाव, आडनावासकट. आणि मी बायकोला हाक मारली, “अगं बघ, लेखक म्हणून माझं नाव घातलंय. किती काळजीनं करतो बघ माणूस!”

माझं नाव त्यानं घातलं नव्हतं. वर्डनं घातलं होतं. माझ्या कॉम्प्युटरवरचं वर्ड माझ्या नावानं आहे, ते नाव माझ्या फाइलला चिकटलेलं होतं, तेच पीडीएफमध्ये उतरलं. त्याच्याच खाली लिहिलं होतं, ही पीडीएफ मायक्रोसॉफ्ट वर्डमधून बनली. इनडिझाइनचं नाव नाही. त्याच्या खाली बनवल्याची वेळ: मी फाइल पाठवली त्याच रात्री, ९ वाजून १६ मिनिटं. सहा मिनिटं! त्यातली चार तर फाइल उतरवून घेण्यात गेली असतील. अजून खाली पानाचा आकार, २१० बाय २९७ मिलिमीटर. म्हणजे चक्क ए-फोर. ठरला होता पाव क्राऊन, साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच. माझी फाइल त्यानं उघडली, ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केलं आणि चार दिवस गप्प बसला. हे सगळं एका चौकटीत, माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी वाचलं फक्त माझं नाव.

आणि पानं! पीडीएफची पानं १४८ आणि माझ्या फाइलचीही १४८. कागद लहान झाला, अक्षर तेवढंच राहिलं, तर पानं वाढायला नकोत? हे चौथीच्या पोराला कळलं असतं. आमच्या समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी एक शंका काढली होती, “हा ल आणि श अजून हिंदी वळणाचाच दिसतोय. फॉन्ट बदलला म्हणतोस ना?” मंगल फॉन्टमधली ती अक्षरं जशीच्या तशी होती, ५,१८० रुपये मोजूनही. मी त्यांनाच म्हणालो, “सर, स्क्रीनवर तसं दिसतं. छापल्यावर बरोबर येईल.” त्यांच्याशी नजर मिळवायला अजून जड जातं.

तर पीडीएफ आली की आधी प्रॉपर्टीज बघा. सगळ्या ओळी बघा. दोन पानं शंभर टक्के आकारात छापून पट्टीनं मोजा.

दुसऱ्या दिवशी २८,००० भरले. त्यानंतर आठवडाभर “मशीनवर आहे सर”, मग “बाइंडिंगला आहे सर”, मग एकच टिक. कोटेशनवर नारायण पेठेतला पत्ता होता. पहाटेच्या एसटीनं पुणं गाठलं. त्या पत्त्यावर खानावळ निघाली. मालक म्हणाला, महिन्यात तुम्ही तिसरे. जेवलो तिथंच. काय करणार, उपाशी होतो.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, “हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा.” जिल्ह्याला गेलो. तिथं, “आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या, त्यांचं पत्र आणा.” परत आलो. ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “पीडीएफ मिळाली ना?” मिळाली. “मग फसवणूक कुठं झाली? काम पसंत नाही पडलं, असं म्हणा.” भर दुपारी, पंख्याखाली उभा राहून मी एका हवालदाराला ब्लीड समजावून सांगत होतो. ब्लीड म्हणजे कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चित्र पानाबाहेर थोडं वाढवून ठेवतात. ते म्हणाले, “म्हणजे पानाच्या बाहेर छापायचं? आणि ते कापून टाकायचं? मग छापायचं कशाला?” शेवटी निकाल काय, तर दिवाणी बाब आहे. आणि तरीही अर्ज द्यायचाच असेल तर हातानं लिहिलेला चालणार नाही. “वर्डमध्ये टाइप करून तीन प्रिंट आणा.” शपथेवर सांगतो, हेच शब्द.

छापील पुस्तक एकही आलं नाही, २८,००० गिळले, नंबर खोटा, पत्ता खोटा, आणि ही दिवाणी बाब! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे ते कशासाठी? बँकेत गेलो तर तिथला पोरगा, ज्या खुर्चीत मी कधीकाळी बसायचो तशाच खुर्चीत बसून, मला म्हणतो, “सर, पिन तुम्हीच टाकलाय. आम्ही काय करणार?” पोराचं खोटं नव्हतं. मीही लोकांना हेच ऐकवलेलं आहे, ह्याच सुरात.

सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर मी २३ दिवसांनी फोन केला. तोवर खात्यात काय राहणार? पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्या तासाला फोन करा, लाज नंतर वाटू द्या. ग्राहक आयोगात आता आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. केलीय. समोरच्याचा पत्ता मागतात. मी खानावळीचा दिलाय.

शेवटी मान खाली घालून तालुक्याच्या त्याच प्रेसवाल्याकडे गेलो. त्यानं टोमणा मारला नाही, हे त्याचे उपकार. फाइल उघडली आणि परिच्छेदाची खूण दाखवणारं बटण दाबलं. स्क्रीनभर ठिपकेच ठिपके, मुंग्या लागल्यासारखे. “काका, हा एकेक ठिपका म्हणजे तुम्ही दाबलेली स्पेस.” शीर्षक मधोमध यावं म्हणून मी बावीस-बावीस स्पेस दिल्या होत्या. नवं पान हवं म्हणून एंटर मारत खाली गेलो होतो. कागदाचा आकार बदलला की हे सगळं कोसळतं, म्हणून तो म्हणाला होता परत लावायला लागेल.

त्याच्याकडून आणखी कळलं ते असं. फॉन्ट कन्व्हर्शनची गरजच नव्हती. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी लिहायची आजची पद्धत, कळत नाही, तिथं फॉन्ट बदलावा लागतो आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून मुद्रितं पुन्हा वाचावी लागतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर नावाची सोय आहे, तो लावला की युनिकोड मराठी सरळ बसतं; तो लावला नाही तर वेलांट्या जागा सोडतात. आणि ४,२०० रुपयांचं सीएमवायके? आमची आतली पानं एकरंगी, काळ्या शाईत. फोटो ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांचे, करायचे होते. चार रंगांचे पैसे मी काळ्या-पांढऱ्या फोटोंना मोजले. फोटो वर्डमध्ये चिकटवून देऊ नका, वर्ड ते दाबून बारीक करतं. वेगळ्या फोल्डरमध्ये मूळ फोटो द्या, आणि व्हॉट्सॲपवर धाडायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून धाडा.

स्मरणिका १९२ पानांची झाली, सोळा पानांचे बरोबर बारा फॉर्म (एकत्र छापायचे गठ्ठे). पाडवा हुकला, अक्षय्य तृतीयेला प्रकाशन झालं. समितीनं निम्मा तोटा सोसायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं आणि मुदत ठेव मोडली.

हे सगळं गिळून गप्पच बसणार होतो. पण गेल्या आठवड्यात कोकणातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. त्यांच्याही स्मरणिकेचं चाललंय. म्हणाले, “तुमचं काम फार देखणं झालंय हो. त्यांनी नमुना म्हणून तुमचीच पीडीएफ पाठवलीय, त्यात तुमचा नंबर मिळाला. माणूस चांगला आहे ना?”

मी विचारलं, “किती दिलेत?”

“विशेष नाही. फाइल चेकिंगचे फक्त पंधराशे.”