नाना पेठेतील स्पेअर बाजार आणि जुनी चेतक

जुनी बजाज चेतक पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर सुट्या भागांसाठी पुण्याबाहेर पाहण्याची फारशी गरज पडत नाही, असे मत नाना पेठेत केलेल्या दीर्घ खरेदीनंतर माझे झाले आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही स्कूटर पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तयार होत होती. त्यामुळे तिचे इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री, सिलिंडर बोअर करून (आतून कातून मोठा करून) देणारे लेथवाले आणि जुना माल सांभाळून ठेवणारे दुकानदार येथे आजही आहेत. मात्र भाग मिळणे आणि चांगला भाग मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हलका माल अजिबात चालत नाही.

चेतकच्या १४५.४५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पाणी नाही आणि रेडिएटरही नाही. मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाच्या) पात्यांनी ढकललेली हवा काऊलमधून (सिलिंडरवरच्या पत्र्याच्या आवरणातून) सिलिंडर आणि हेडच्या फिन्सवरून (बाहेरच्या पातळ कडांवरून) जाते, तेवढाच काय तो थंडावा. त्यामुळे काऊल हा दिखाऊ पत्रा नसून इंजिन वाचवणारा भाग आहे, हे गिऱ्हाइकाने आधी समजून घ्यावे. बाजारात मला दाखवलेल्या दोन काऊलांपैकी स्वस्त काऊल सिलिंडरवर ठेवून पाहिले, तेव्हा स्क्रूचे भोक जेमतेम जुळत होते आणि मॅग्नेटच्या बाजूला करंगळी सहज आत जाईल एवढी फट राहत होती. त्या फटीतून हवा बाहेर निसटली की वरचे हेड तापत राहते आणि कात्रजचा घाट चढताना इंजिन सीझ होण्याची (पिस्टन आत अडकून बंद पडण्याची) वेळ येते. दुसरे काऊल जुने, थोडे पोचे आलेले, पण मूळ मापाचे होते. मी तेच घेतले आणि ठोकून सरळ करून घेतले.

पत्र्याच्या आणि ओतीव भागांच्या बाबतीत जुना स्टॉक डोळे झाकून घ्यावा, परंतु रबराच्या बाबतीत नेमके उलटे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रँकची ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) कंपनीच्या मूळ पाकिटात वीस-पंचवीस वर्षे पडून असेल, तर तिची कड कडक झालेली असते. मॅग्नेटच्या बाजूची सील हवा ओढू लागली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. क्लचच्या बाजूची सील गेली तर गिअर ऑइल आत खेचले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. म्हणून नामांकित कंपनीची नव्या उत्पादनाची सील मागावी आणि नखाने कड दाबून पाहावी. पेट्रोलच्या नळीलाही हाच नियम लागू आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

या बाजारातील एका लहान दुकानाचा अनुभव सविस्तर सांगण्यासारखा आहे. मी पिस्टन मागितल्यावर गल्ल्यावरच्या वयस्कर काकांनी लगेच डबा काढला नाही. "जुना पिस्टन आणलाय का, दादा? नसेल तर आधी बोअर मोजून या, मग पिस्टन देतो," असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या खेपेला मी सिलिंडरच घेऊन गेलो. त्यांनी पिस्टनची नवी रिंग त्यात सरळ बसवून दोन टोकांमधील फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) तपासली आणि पिस्टनच्या खाचेतील पिन जागेवर आहे हेही दाखवले. टू-स्ट्रोकमध्ये ही पिन रिंगला फिरू देत नाही. ती नसेल तर रिंगचे टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतील खिडकीत) अडकून तुटते. "लेथवाल्याला हा पिस्टन दाखवूनच बोअर करून घ्या," असेही त्यांनी बजावले, आणि ते अगदी योग्य होते. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, तेव्हा दोहोंमधील अंतर पिस्टन हातात घेऊनच ठरवावे लागते. बिलावर त्यांनी मापासह नोंद केली. अशी दुकाने टिकावीत असे मला मनापासून वाटते.

याच बाजारात दुसऱ्या एका दुकानाने मात्र कंपनीसारख्या दिसणाऱ्या पाकिटातून कार्बुरेटरचा हलका संच माथी मारला. जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर) आकडा बरोबर छापला होता, पण गाडी काही किलोमीटर चालवून प्लग काढला तर तो पांढराफटक निघाला, म्हणजे पेट्रोल कमी जात होते. जुना जेट साफ करून परत बसवताच प्लगचा रंग पुन्हा तपकिरी झाला. संच परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला. पाकीट फोडल्यावर माल परत नाही, हा या बाजाराचा सर्वसाधारण रिवाज असल्याने खात्री करायची ती गल्ल्यावरच करावी.

केबल, ब्रेक लायनर आणि टायर सहज मिळतात. क्लचच्या कॉर्क प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजत ठेवाव्यात. इग्निशनचा भाग मागताना गाडी पॉइंटची (यांत्रिक संपर्कावर ठिणगी पाडणारी) आहे की इलेक्ट्रॉनिक, बल्ब सहा व्होल्टचे आहेत की बारा, हे नीट सांगावे. विजेवर चालणारी चेतक २०२० पासून विक्रीस आल्यामुळे नुसते "चेतकचे स्पेअर" म्हणून आता भागत नाही. हवेवरच थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी मोटार असलेल्या फोक्सवॅगन बीटलवाल्यांना मात्र या बाजाराचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांचे बहुतेक भाग बाहेरूनच मागवावे लागतात.

बिल्ले, हेडलाइटची रिंग, स्पीडोमीटर यांसाठी रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार गाठावा. तेथे भाव करावा लागतो आणि नशीबही लागते. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. पहिल्या चेतक आता त्या वयाच्या झाल्या आहेत. त्यामुळे चकचकीत नव्या बिल्ल्यापेक्षा थोडा झिजलेला मूळ बिल्ला मिळाला तर तो सोडू नये, आणि काढलेला कोणताही मूळ भाग भंगारात देऊ नये.